मॉरिशसच्या मातीत गुलाम आणि गिरमिटिये कसे शोधतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी निघतात: हनिमूनची पॅकेजं, आणि तिकडे अजून घरोघरी गणपती बसवणारी मराठी माणसं. तिथल्या गुलामांच्या आणि गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, उत्खननांबद्दल चार लोकांत बोललं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकदाचे मांडले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण गोष्टच तशी आहे. काही दोन ओळींत आटोपली आहेत.

गुलामगिरी म्हटलं की अमेरिका आठवते. मग मॉरिशस कशाला?

कारण या बेटावर मूळचं कोणीच नव्हतं. १६३८ मध्ये डच आले, १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. १७२१ पासून फ्रेंचांनी वस्ती केली आणि बेटाचं नाव ठेवलं ‘इल द फ्रान्स’. १८१० मध्ये ते इंग्रजांनी घेतलं. म्हणजे जमिनीतून निघणारी प्रत्येक चूल, प्रत्येक खापर आणि प्रत्येक हाड बाहेरून आलेल्या माणसाचं. ‘हे आधीच्या रहिवाशांचं असेल’ ही शंकाच उरत नाही. संशोधकाला अशी कोरी पाटी क्वचित मिळते.

दुसरं कारण संख्येचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटावरच्या दर १० माणसांत ८ गुलाम होते. मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले बहुसंख्य, थोडे पश्चिम आफ्रिकेतले, आणि काही चक्क पाँडिचेरी-बंगालकडचे. हे शेवटचं ऐकून सभेत नेहमी कुजबुज होते. भारतीय माणूस मॉरिशसला पहिल्यांदा गेला तो ऊस तोडायला, करारावर, असं आपण धरून चालतो. त्याच्या १०० वर्षं आधी तो तिथे विकला गेला होता.

कागदपत्रं ढिगाने आहेत. मग खणायचं कशाला?

कागद आहेत, पण ते मालकाच्या बाजूने लिहिलेले. मळ्याच्या वहीत माणूस येतो तो बैल, कढया आणि कुदळींच्या यादीत, वय आणि किमतीसह. गुलामगिरी रद्द झाल्यावर मॉरिशसच्या मालकांना २० लाख पौंडांहून जास्त नुकसानभरपाई मिळाली, म्हणून त्यांचे हिशेब चोख आहेत. ज्यांची किंमत लावली त्यांना एक पैही मिळाली नाही, आणि त्यांच्या हातचा कागदही जवळपास नाही. ते काय शिजवत होते, मेलेल्या पोराला कसं पुरत होते, फुटकं भांडं फेकत होते की सांधत होते, हे वहीत सापडणार नाही.

एकच उत्खनन सांगायचं झालं तर?

त्रोमलँ. हे बेट मॉरिशसच्या वायव्येला, भर समुद्रात आहे. जेमतेम १ चौरस किलोमीटर वाळू, झाड नाही, सगळ्यात उंच जागा ७ मीटरच्या आसपास. तिथे मळा कधीच नव्हता. पण जी माणसं तिथे अडकली ती मळ्यांच्या बेटासाठी विकत घेतलेली होती.

१७६१ साली ‘ल्युतिल’ नावाचं फ्रेंच जहाज मादागास्करहून साधारण १६० गुलाम घेऊन इल द फ्रान्सकडे निघालं. हा माल चोरटा होता. इंग्रजांशी युद्ध चालू होतं, वेढा पडला तर खाणारी तोंडं नकोत म्हणून गव्हर्नरने गुलाम आणायला बंदी घातली होती. कप्तानाला नफा सुटला नाही. ३१ जुलैच्या रात्री जहाज खडकावर आपटलं. तळाशी कोंडलेले कित्येक तिथेच बुडाले. वाचलेल्यांनी फुटक्या जहाजाच्या लाकडातून दोनेक महिन्यांत एक होडी बांधली. होडीत बसले ते फक्त फ्रेंच खलाशी, १२० च्या आसपास. ६० ते ८० मालागासी माणसं वाळूवर राहिली, ‘परत येतो’ एवढ्या शब्दावर.

परत यायला १५ वर्षं लागली. २९ नोव्हेंबर १७७६ ला जे जहाज पोचलं त्याला ७ बायका आणि ८ महिन्यांचं एक मूल जिवंत सापडलं. जहाजाच्या कप्तानाचं आडनाव त्रोमलँ, तेच बेटाला चिकटलं. सोडून दिलेल्यांपैकी एकाचंही नाव नकाशावर नाही.

२००६ ते २०१३ या काळात पुरातत्त्वज्ञ माक्स गेरू यांच्या चमूने तिथे चार मोहिमा काढल्या. वाळूखाली दगडी खोल्या निघाल्या, भिंती मीटरभराहून जाड, एकमेकींना पाठ लावून, वादळाकडे खांदा देऊन उभ्या. गंमत अशी की मालागासी रीतीत दगडाने बांधायचं ते थडगं, जिवंत माणसाचं घर लाकडाचं. इथे लाकूड नव्हतं, वारा तर होता. तेव्हा त्यांनी रीत मोडली आणि थडग्याच्या दगडात संसार मांडला. ते किती खटकलं असेल हे भिंत सांगत नाही, पण मोडली हे मात्र सांगते.

माझ्या मनात घर करून बसलेली वस्तू त्या खोल्यांतली तांब्याची भांडी. जहाजातून वाचवलेल्या तांब्याच्या पत्र्याची ती बनवलेली. भोक पडलं की वर तांब्याचा तुकडा ठेवायचा, कडेने छिद्रं पाडायची, तांब्याचेच रिव्हेट ठोकायचे. पुन्हा गळलं की ठिगळावर ठिगळ. आपल्या तांबट आळीतल्या कारागिराने हातात घेऊन उलटसुलट फिरवून बघावं असं काम. शेजारी कासवांची आणि समुद्रपक्ष्यांची हाडं, म्हणजे १५ वर्षांचं जेवण. घरं, चूल, भांडी जागच्या जागी लावलेली. कोणी येईल म्हणून नुसते डोळे लावून बसलेल्यांचा हा पसारा नाही.

पुढे मॉरिशसच्या प्रशासनाने या बायकांची खरेदीच बेकायदा होती असं म्हणून त्यांना स्वतंत्र ठरवलं. बाळाचं नाव ठेवलं जाक मोईझ. बायबलमधला पाण्यातून वाचलेला मोझेस, तो.

‘मरून’ म्हणजे काय?

रंग नव्हे. मळ्यातून पळून डोंगर-जंगलात राहणारा गुलाम म्हणजे मरून. १७२३ च्या फ्रेंच फर्मानात त्याची शिक्षा ठरलेली होती: महिनाभर बेपत्ता राहिला तर कान कापून खांद्यावर डाग, दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडून दुसरा डाग, तिसऱ्यांदा मृत्यू. इतकं असूनही लोक पळत राहिले, यावरून मळ्यावरच्या दिवसाची कल्पना करावी.

पळालेल्या माणसाच्या खुणा सापडतात तरी कशा?

फार अवघड. सापडू नये म्हणूनच तर तो तिथे राहिला होता. जे लपण्यात पटाईत ते उत्खननातही निसटतात. तरी मॉरिशसच्याच ल मॉर्न डोंगराच्या वरच्या भागातल्या एका गुहेत माणसं राहिल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. सगळ्यात ठळक उदाहरण शेजारच्या रेयुनियों बेटावरचं. सिलाओसच्या कड्यांत, २,००० मीटरहून उंचावर, एका लपलेल्या दरीत सुक्या दगडांचे छोटे निवारे निघाले आणि त्यांच्याजवळ पेट्रेल पक्ष्यांची हाडं. उष्ण बेटावरही त्या उंचीवर रात्री दात वाजतात. खाली ऊब, सावली, पाणी सगळं होतं, पण साखळीही होती.

ल मॉर्नच्या कड्यावरून गुलामांनी उड्या मारल्या, ही गोष्ट खरी का?

गोष्ट अशी: १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी रद्द झाली. ती बातमी सांगायला शिपाई डोंगरावर गेले. मरूनांना वाटलं पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून स्वतःला झोकून दिलं.

पुरातत्त्वाकडे याचा पुरावा नाही. मी तो शोधायच्या फंदात फारसा पडतही नाही. डोंगर ५५६ मीटर उंच, तीन बाजूंनी तुटलेला, चढायची वाट एकच अवघड. तिथे मरून लपत, हे जुन्या कागदांतही आहे. उडीची कथा क्रिओल (गुलामांच्या वंशजांच्या) घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, आणि २००८ मध्ये युनेस्कोने डोंगराला जागतिक वारसा यादीत घेतलं ते या आठवणीसकट. कोंढाण्याची घोरपड खरी होती का, असं विचारणाऱ्याला आपण जे उत्तर देतो, तेच इथे द्यावं.

डोंगराच्या पायथ्याच्या दफनभूमीत काय निघालं?

कड्याच्या सावलीत, खारफुटीच्या काठाला एक जुनी दफनभूमी आहे. मोठी माणसं तिथे काही पुरलंय एवढं सांगत, कागदावर तिचा फारसा उल्लेख नाही. २०१० पासून पुरातत्त्वज्ञ क्रिश सीता आणि सहकाऱ्यांनी तिथे काम केलं. कबरी गुलामगिरी संपण्याच्या आगेमागच्या काळातल्या. प्राचीन डीएनएमधून मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेच्या मुख्य भूमीशी नातं दिसलं. काही कबरींत बटणं, बाटल्या, आणि तंबाखूचे मातीचे पाइप ठेवलेले होते, आपल्या चिलमीच्या कुळातले. आणि तान्ही मुलं बरीच.

मळ्याच्या वहीत अशा मुलाची नोंद झालीच तर वजाबाकीत. इथे मात्र कोणीतरी वाळूत नीट खड्डा करून त्याला ठेवलंय, वर दगड रचलेत.

हाडावरून माणूस कुठला ते कसं ओळखतात?

दातांवरून. दाताचं वरचं कवच लहानपणी तयार होतं आणि पुढे बदलत नाही. ज्या जमिनीचं पाणी प्यायलं, धान्य खाल्लं, तिथल्या स्ट्रॉन्शियमचा ठसा त्यात राहतो. मॉरिशसचा खडक ज्वालामुखीचा आणि वयाने कोवळा, आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचे खडक खूप जुने, त्यामुळे बेटावर जन्मलेला आणि बाहेरून आणलेला यांत फरक करता येतो. कधी कधी यंत्रही लागत नाही. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर न्यूटन मळ्याच्या दफनभूमीत काही सांगाड्यांचे पुढचे दात कानशीने घासावे तसे घासलेले होते. ही रीत आफ्रिकेतली, म्हणजे ही माणसं तिकडे वाढलेली.

त्याच न्यूटनमधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७० च्या दशकात तिथे एका पुरुषाच्या गळ्यातली माळ मिळाली. त्यात कवड्या, कुत्र्याचे सुळे, माशाचे मणके, काचमणी, आणि मधोमध एक लांबट लाल अकीक. तो अकीक गुजरातेतल्या खंबायतचा. खंबायतच्या कारागिराच्या हातातून आफ्रिकेच्या बाजारात, आणि तिथून अटलांटिकपार. तो माणूस वैदू किंवा मांत्रिक असावा असं उत्खनन करणाऱ्यांना वाटलं. मला एवढंच दिसतं की जे हातातून जाणं अगदी सोपं होतं, ते कोणीतरी त्याच्याबरोबर पुरू दिलं.

गुलामांची घरं का सापडत नाहीत?

लाकूड, गवत, उसाची पाचट. वर चक्रीवादळं आणि २०० वर्षांची नांगरट. उरलं ते दगडातलं: उसाच्या रानात एकट्या उभ्या साखर-गिरण्यांच्या चिमण्या, चुन्याच्या भट्ट्या, आणि काळ्या दगडांचे ढीग. हे ढीग बघायला मिळाले तर चुकवू नका. बेट सगळं बसाल्टचं, आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा दगड. ऊस लावायचा तर आधी धोंडे वेचायचे, एकावर एक रचायचे. कुठे लांबच लांब भिंती झाल्या, कुठे पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे. पर्यटक विचारतात, हे देऊळ होतं का? नाही हो, ही मजुरी आहे.

गुलामगिरी संपली, तो दिवस मातीत दिसतो का?

मला विचाराल तर या सगळ्या अभ्यासातला हाच खरा प्रश्न, आणि उत्तर आहे: नाही.

कागदावर १ फेब्रुवारी १८३५. त्या दिवशी साधारण ६६ हजार माणसं मोकळी झाली, पण लगेच ‘उमेदवारी’ची (अप्रेंटिसशिपची) अट आली आणि १८३९ पर्यंत त्यांना त्याच मालकाकडे राबावं लागलं. तिकडे नोव्हेंबर १८३४ मध्येच ‘अ‍ॅटलास’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ करारी मजूर आणून सोडले होते. म्हणजे जुने जायच्या आधी नवे हजर. १८२५ मध्ये इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरचं जकातीचं ओझं वेस्ट इंडीजच्या बरोबरीला आणलं होतं, ऊस धडाधड वाढत होता, मालकांना हात हवे होते.

मुक्त झालेले बहुतेक जण मळा सोडून गेले, कोणी किनाऱ्याला मासेमारीला, कोणी जमिनीचा तुकडा घेऊन भाजीपाल्याला. त्यांनी सोडलेल्या छावण्यांच्या आवारात गिरमिटिये आले. ईशान्येच्या ब्रा द’ओ इथे असा एक जुना मळा अख्खा जंगलात पडून आहे: गिरणी, रस्ते, मजुरांच्या घरांचे चौथरे. अशा जागी थर उलगडताना ‘इथे गुलाम संपला, इथे मजूर सुरू झाला’ अशी रेघ ओढता येत नाही. गिरणी तीच, भोंगा तोच, पाण्याची वाट तीच. बदल दिसतात ते हळू आणि बारीक, घराघरांत. कोणी काय विकत घेतलं, चुलीपुढे जागा किती ठेवली, कुठल्या भांड्यात शिजवलं. स्वातंत्र्य तिथे आलंच असेल तर फटाके वाजवत आलं नाही, एकेक ताटली करत आलं.

मग गिरमिट म्हणजे गुलामगिरीच ना?

नाही, आणि हे ठामपणे सांगायला हवं. गिरमिटियाला मुदत होती, पगार होता, त्याचं मूल जन्मतःच मालकाचं नव्हतं. ज्यांच्या पोरांना त्यांच्या डोळ्यांदेखत विकलं त्यांच्या पंक्तीला त्याला बसवणं बरोबर नाही.

पण पंगत वेगळी असली तरी वाढपी तोच होता. एक दिवस कामावर नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, याला ‘डबल कट’ म्हणत. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुराला स्वतःच्या फोटोचं तिकीट जवळ बाळगावं लागे. नसलं की भटक्या म्हणून आत. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका मळेवाल्यानेच ९,४०१ मजुरांच्या सह्यांचा अर्ज तयार केला, तेव्हा कुठे शाही चौकशी बसली. पळून गेलेल्याला शोधायची जी यंत्रणा मरूनांसाठी घडली, ती नव्या पाटीखाली चालूच राहिली.

(‘गिरमिट’ हा ‘अ‍ॅग्रीमेंट’चा अपभ्रंश. मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार, तो शब्द निराळा. कोकणातल्या एका आजोबांनी मला ‘म्हणजे सुतार लोक गेले होते का?’ असं विचारलं होतं. चूक त्यांची नव्हती.)

यात मराठी माणसं कुठे येतात?

मुंबई बंदरातून गेलेले मुख्यतः कोकणातले, रत्नागिरीकडचे. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने संख्या थोडी; बंदराच्या नावावरून मॉरिशसमध्ये त्यांची ओळखच ‘बोंबे’ अशी पडली. १८४९ नंतर आलेले पोर्ट लुईच्या इमिग्रेशन डेपोतून गेले. तोच आजचा आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा. तिथे फाटक, दवाखान्याचा भाग, मजुरांच्या आणि सरदारांच्या (म्हणजे मुकादमांच्या) शेडचे पाये, न्हाणीघर आणि शौचकूप उरले आहेत. बाकीचं बंदर आणि हमरस्ता गिळून बसला.

बरीच मराठी घरं पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागात स्थिरावली. कास्कावेलला विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. ल मॉर्न त्याच जिल्ह्यात. मरूनांचा डोंगर आणि कोकणी माणसाचा विठोबा एकाच रस्त्यावर यावेत, हे ठरवून झालेलं नाही.

आणखी एक विसरलेली पंगत: १८१५ ते १८३७ मध्ये बंगाल आणि मुंबई इलाख्यातून साधारण दीड हजार कैदी तिथे काळ्या पाण्यावर गेले. रस्ते आणि पूल त्यांनी बांधले. १८३६ मध्ये डार्विन बेटावर उतरला तेव्हा त्यानेही त्यांना पाहिलं आणि त्यांच्या रुबाबदार दिसण्याबद्दल लिहून ठेवलं.

माझे खापरपणजोबा तिकडे गेले होते म्हणतात. शोध लागेल?

लागू शकतो. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आगमनाची रजिस्टरं आहेत: क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण. १८६० च्या दशकापासूनचे फोटोही. अडचण नावाची. कारकुनाने कानाला लागलं तसं इंग्रजीत लिहिलं, आणि आडनाव बहुतेक वेळा नाहीच. तेव्हा आडनाव धरून बसू नका. बापाचं नाव, तालुका आणि अंदाजे साल घेऊन जा.

आपल्याकडे तरी गुलामगिरी नव्हती ना?

होती. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्याच्या, बक्षीस दिल्याच्या नोंदी सरसकट आहेत. पोर्तुगीज गोव्यात मोझांबिकहून आणलेले आफ्रिकी गुलाम घरोघर होते. कंपनीच्या मुलखात कायद्याने गुलामी नाकारली ती १८४३ मध्ये. ही माणसं खणून शोधायचं काम आपल्याकडे अजून अंगणातच आहे.

प्रत्यक्ष बघायचं तर कुठे जावं?

पोर्ट लुईत आप्रवासी घाट, आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर जुन्या फ्रेंच लष्करी इस्पितळातलं गुलामगिरीचं संग्रहालय. क्वात्र बोर्नजवळ त्रियानोंची मजुरांची दगडी चाळ. ल मॉर्नच्या पायथ्याला २००९ साली उभारलेलं शिल्पांचं स्मारक. डोंगर चढायचा असेल तर आखलेल्या वाटेनेच. ब्रा द’ओ आता राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे लोक पक्षी बघायला जातात. तुम्ही भिंतींकडे बघा. बूट घाला, पालापाचोळ्याखाली धोंडे सुटे आहेत, आणि रचलेला एकही दगड हलवू नका.